द्वापरयुग, मुक्काम पोस्ट मालवण

काळ ओलांडून येणाऱ्या प्रियकराची विनोदी गोष्ट पडद्यावर आली की समीक्षक आधी तिचा हिशेब तपासायला बसतात. 2001 साली आलेल्या 'केट अँड लिओपोल्ड' या हॉलिवुडपटात 1876 मधला एक उमराव आजच्या न्यूयॉर्कमध्ये येऊन पडतो आणि तिथल्या नोकरदार बाईच्या प्रेमात पडतो. ह्यू जॅकमनला या कामासाठी गोल्डन ग्लोबचे नामांकन मिळाले, चित्रपटाचे स्वागत मात्र संमिश्र झाले. नायिकेचा जुना मित्र त्या उमरावाचा वंशज असल्याचे मूळ कथेत होते. मग नायिका भूतकाळात जाऊन उमरावाशी लग्न करणार, म्हणजे ती आपल्याच जुन्या मित्राची पूर्वज ठरणार! ही गाठ डोळ्यांवर येताच तो धागा प्रदर्शनापूर्वी कापून टाकावा लागला. काळाच्या प्रवासाला यंत्र हवे, यंत्राला नियम हवेत आणि नियमांत फट दिसली की गोष्ट फसली, अशी ही कसोटी आहे. सिंधुदुर्गात मात्र काही शतके देव, दानव, राजपुत्र आणि राजकन्या कोणत्याही यंत्रावाचून दर हिवाळ्यात गावात येतात, आजच्या गोष्टींवर बोलतात, प्रेमात पडतात, हसवतात आणि उजाडायच्या आत परत जातात. त्या खेळाला दशावतार म्हणतात. या काळाच्या सरमिसळीला बाहेरच्या जाणकारांनी दीर्घकाळ अडाणीपणा मानले. माझे म्हणणे असे की ती सरमिसळ ही चूक नसून कसब आहे, तिला स्वतःचे नियम आहेत. आणि तिच्या स्वागताचा इतिहास पाहिला तर समीक्षेने खेळ क्वचितच तपासला, बहुतेक वेळा खेळ कुठल्या जागी आणि कुठल्या बोलीत चालला आहे हेच तपासले.

आधी खेळ कसा उभा राहतो ते पाहू. कार्तिकात जत्रांचा हंगाम सुरू होतो. मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी या पट्ट्यातल्या देवळांमध्ये ग्रामदेवतेची पालखी फिरली, ओट्या भरून झाल्या की रात्री उशिरा नाटक उभे राहते. मोचेमाडकर, पार्सेकर, आजगावकर, वालावलकर, चेंदवणकर अशी गावांची आणि घराण्यांची नावे मिरवणारी मंडळे एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेला जातात. पूर्वी कपड्यांचे आणि मुकुटांचे पेटारे डोक्यावर घेऊन ही माणसे डोंगर-खाड्या तुडवत चालत जात. रंगमंच म्हणजे देवळाचा मंडप किंवा त्याच्यासमोरचा मांडव, वाद्ये म्हणजे पायपेटी, मृदंग आणि झांज, आणि सगळ्या नेपथ्याचे काम करणारे एक लाकडी बाकडे. राजा त्यावर बसला की ते सिंहासन, नायिका त्यावर टेकली की ते उद्यान, दोघे त्याला वळसा घालून निघाले की अरण्यातली वाट. लिहिलेली संहिता नसते. त्या रात्रीचे आख्यान कोणते हे ठरते, कोणी कोणता पार्ट करायचा हे ठरते आणि संवाद मंडपात उभे राहूनच सुचतात. राजपार्ट करणारा, स्त्रीपार्ट करणारा आणि खलपार्ट करणारा असे तीन नट समोरासमोर आले की बोलण्याची जुगलबंदी किती लांबवायची हेही त्या क्षणी, प्रेक्षकांकडे बघून ठरते. पुरुष स्त्रीपार्ट करतो, आणि त्याचा शृंगार किती साधला यावर नाटकाची अर्धी कीर्ती अवलंबून असते. सकाळी दहीहंडी फुटते. म्हणून या अख्ख्या प्रकाराला इकडे धयकालो असेही म्हणतात.

आता काळाचे नियम. आख्यान सुरू होण्यापूर्वी जो पूर्वरंग होतो, त्याला आडदशावतार म्हणतात. गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, सरस्वती येते, भटजी येतो, ब्रह्मदेव आणि विष्णू येतात आणि वेद पळवणारा संकासूर येतो. काळा वेष, डोक्यावर उंच टोक, बाहेर लोंबणारी तांबडी जीभ असे त्याचे ध्यान. बाकीचे देव शुद्ध, बऱ्याचदा संस्कृतकडे झुकणारी मराठी बोलतात. संकासूर मालवणी बोलतो. वेद चोरलेला हा दैत्य कृतयुगातला खरा, पण भटजीची खोड काढताना तो गावातला रस्ता, रेशनचा तांदूळ, निवडणूक, मुंबईहून आलेला चाकरमानी अशा कुठल्याही विषयात शिरू शकतो. शेवटी विष्णूकडून तो मारला जातो आणि मग खरे आख्यान सुरू होते. म्हणजे आजचा काळ नाटकात आणण्याचा पहिला परवाना ज्याला दिला आहे, त्याचा वध ठरलेला आहे. आख्यानातही हाच भेद पाळला जातो. सेवक, दासी, गावठी पात्रे आजचे बोलू शकतात. राजपार्टी तसे बोलायला लागला तर जाणता प्रेक्षक नाक मुरडतो. प्रेमप्रसंगात हे फार नेमके दिसते. शिकारीला निघालेला राजपुत्र आणि सखीबरोबर फुले वेचायला आलेली राजकन्या एकमेकांना पाहतात, तेव्हा त्या दोघांचे बोलणे पुराणातच राहते. त्यांच्या बाजूला उभा असलेला सेवक त्याच भेटीचे आजच्या गावातल्या लग्नाच्या व्यवहारात भाषांतर करत राहतो. युद्ध आणि शाप यांच्या ऐन क्षणी मात्र हसण्याला रजा. पुराणातून आज आणि आजमधून पुराण ही ये-जा कोण करणार, कधी करणार आणि परत कधी येणार, हे सगळे बांधलेले आहे.

या खेळावरचा सर्वांत जुना मराठी अभिप्राय समर्थ रामदासांचा मानायला हरकत नाही. दासबोधात, डोळ्यांना दिसते ते सगळे खरे नसते हे सांगताना, दशावतारी खेळात येणाऱ्या सुंदर बायका प्रत्यक्षात दांडगे पुरुष असतात असा दाखला ते देतात. हे परीक्षण नव्हे, दृष्टान्त आहे. पण त्यातून दोन गोष्टी कळतात. पहिली इतिहासाची: सतराव्या शतकात दशावतारी हा शब्द श्रोत्यांना समजावून सांगावा लागत नव्हता. त्यामुळे 1728 च्या सुमारास श्यामजी नाईक काळे यांनी हा खेळ कर्नाटकातून कोकणात आणला ही जी परंपरागत हकिकत आहे, ती आरंभाची मानण्यापेक्षा एका नव्या वळणाची मानणे अधिक सयुक्तिक ठरते. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरचा यक्षगान आणि आपला दशावतार यांतले साम्य पाहता दक्षिणेकडची देवाणघेवाण नाकारता येत नाही, पण एका माणसाने एका वर्षी आणून पेरले असेही म्हणवत नाही. दुसरी गोष्ट समीक्षेची: रामदासांना तो खेळ भ्रम वाटला, पण फसलेला भ्रम वाटला नाही. नट नेत्र मोडण्याच्या कलेत पारंगत आहेत, हे त्यांनी त्याच श्वासात मान्य केले आहे. पुढच्या टीकाकारांपेक्षा हा संताचा दाखला अधिक न्यायी आहे.

पुढचे टीकाकार आले एकोणिसाव्या शतकात. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा त्या नाटकाची घडण दशावताराच्या ओळखीचीच होती: सूत्रधार, गणपती, सरस्वती, विदूषक, आणि पात्रांनी प्रसंगानुरूप स्वतः रचलेली भाषणे. इंग्रजी शाळांतून शिकून आलेल्या पिढीला थोड्याच वर्षांत या नाटकांचा वीट आला. राक्षसांच्या आरोळ्यांवरून 'अललडुर्र' आणि मृदंगाच्या बोलांवरून 'तागडथोम' अशी टिंगलीची नावे पडली. त्यांच्यासमोर आदर्श होता छापील, बांधीव नाटकाचा; शेक्सपिअर आणि कालिदास हे दोन मापदंड. त्या मापाने ज्या नाटकाला पुस्तक नाही ते नाटकच नव्हे, आणि ज्या पात्राला आपल्या युगाचे भान नाही ते पात्र कच्चे. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आले आणि मराठी नाटकाचा मुख्य रस्ता त्या दिशेने वळला. तो रस्ता चांगला होता यात वाद नाही. पण त्याच वेळी कोकणातला खेळ मागे राहिलेल्यांचा खेळ म्हणून नोंदला गेला. मुख्य रंगभूमीचे मूळ कुठे, या चर्चेत दशावताराला मानाचे पान मिळे. आज तो कसा चालतो, या चर्चेत त्याला ताटच वाढले जात नसे.

आता याच काळातले एक नाटक पाहू, म्हणजे कसोटी किती सोयीस्करपणे बदलत होती ते कळेल. 1882 साली किर्लोस्करांचेच 'सौभद्र' आले. मराठीतली पहिली अस्सल प्रेमविनोदिका म्हणावी असे हे नाटक. अर्जुनाचे सुभद्रेवर प्रेम, थोरल्या भावाने म्हणजे बलरामाने ठरवलेले दुर्योधनाचे स्थळ, अर्जुनाने घेतलेला संन्याशाचा वेष, त्या संन्याशालाच सज्जन समजून बलरामाने सुभद्रेला त्याच्या सेवेला ठेवणे, आणि हे सारे घडवून आणून साळसूदपणे बाजूला राहणारा कृष्ण. या नाटकातली द्वारका द्वापरयुगातली किती आणि एकोणिसाव्या शतकातल्या मराठी वाड्यातली किती? बलरामाचा हेकटपणा, रुक्मिणीचे नवऱ्याशी बोलणे, लग्नाच्या बाबतीत मुलीला कोणी न विचारणे, घरात आलेल्या यतीची उठाठेव, हे सगळे प्रेक्षकांच्या माजघरातून उचललेले आहे. समीक्षकांनी याला कालविपर्यास म्हणून दोष दिला नाही. उलट देवांना माणसाळवणारा घरगुती गोडवा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वाखाणले. वाखाणले ते योग्यच केले. प्रश्न एवढाच की पुण्याच्या वाड्यातले वर्तमान द्वारकेत शिरले तर गोडवा, आणि वेंगुर्ल्याच्या वाडीतले वर्तमान द्वारकेत शिरले तर गावंढळपणा, हा निवाडा कोणत्या नाट्यशास्त्रात बसतो? फरक काळाच्या वागणुकीत नव्हता, बोलीत होता. सौभद्रातले देव माजघरात आले तरी प्रमाण मराठी बोलत होते. दशावतारी मंडळांनी या भेदाची फिकीर केली नाही. संगीत नाटकांतली पदे त्यांनी आपल्या आख्यानांत खुशाल सामावून घेतली, आणि आजही पायपेटीवर त्या चाली ऐकू येतात.

सौभद्राला शंभर वर्षे पुरी व्हायच्या बेतात असताना मालवणी बोलीने मुंबईच्या नाट्यगृहात पाऊल ठेवले. गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' 1980 साली रंगमंचावर आले.  मालवणजवळच्या रेवंडीचे मच्छिंद्र कांबळी तात्या सरपंचाच्या भूमिकेत होते. गावातली हौशी मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचे नाटक बसवतात, पहिल्या अंकात तालमीचा गोंधळ आणि दुसऱ्यात प्रत्यक्ष प्रयोगाचा गोंधळ, अशी त्याची मांडणी. पांडव आणि कौरव महाभारतात टिकतच नाहीत. क्षणाक्षणाला ते आपल्या गावात, आपल्या भांडणात, आपल्या मालवणी शिव्यांत परततात. सुरुवातीचे प्रयोग फारसे चालले नाहीत. व्यावसायिक रंगभूमीच्या प्रेक्षकाला बोलीही नवी होती आणि हा प्रकार नाटक म्हणून कुठे बसवावा तेही उमगत नव्हते. मग पु. ल. देशपांड्यांनी नाटक पाहिले, त्यांनी मनापासून लिहिलेले कौतुकाचे पत्र जाहिरातीतून लोकांपुढे गेले आणि चित्र पालटले. पुढे या नाटकाचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले, आणि कांबळींच्या भद्रकाली प्रॉडक्शन्सने मालवणी नाटकांची एक रांगच उभी केली. 2016 मध्ये ठाण्याला भरलेल्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचे अध्यक्षपद गवाणकरांना मिळाले. या स्वागताकडे यशकथा म्हणून पाहण्याची सवय झाली आहे, पण त्यात एक अवघड गोष्ट दडली आहे: प्रेक्षक त्याच शहरातला, बोली तीच, संहिता तीच, एका मान्यवराने हे हसण्याजोगे आहे अशी ग्वाही देईपर्यंत हसावे की नाही याबद्दल प्रेक्षक बिचकत होता. इतक्या पिढ्यांच्या समीक्षेने त्याला घातलेली ती भीती होती.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. 'वस्त्रहरण' म्हणजे दशावतार नव्हे. ते हौशी गावनाटकाचे विडंबन आहे, आणि शहराला ते आवडले याचे कारण त्यात कोकणी माणूस हास्यास्पद दिसतो हेच असेल, तर त्याचे यश हे दशावताराच्या बाजूचा पुरावा कसे ठरते? यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. दशावतारातला नट काळ ओलांडतो तो स्वतःच्या मर्जीने आणि परत येतो तोही स्वतःच्या मर्जीने. 'वस्त्रहरणा'तली पात्रे काळातून घसरतात, त्यांना परतता येत नाही, आणि हसू त्या घसरण्याचे आहे. दोन्ही प्रकार एकच समजणे म्हणजे डोंबाऱ्याचा दोरीवरचा तोल आणि दारुड्याचे झोकांडणे यांना एक समजण्यासारखे आहे. पण आक्षेपाचा दुसरा भाग टिकत नाही. या नाटकावर सर्वांत जास्त प्रेम केले ते लालबाग-परळच्या चाकरमान्यांनी आणि त्यांच्या गावाकडच्या माणसांनी. स्वतःची चेष्टा होते आहे असे वाटले असते तर त्यांनी ते उचलून धरले नसते. त्यांना दशावताराचा नियम ठाऊक होता, म्हणूनच तो मोडताना होणारी फजिती त्यांना इतरांपेक्षा अधिक चांगली कळत होती. जिथे शहरातला प्रेक्षक बोलीला हसला, तिथे गावचा प्रेक्षक फसलेल्या कलाकुसरीला हसला. विडंबन मूळ प्रकाराची प्रतिष्ठा गृहीत धरूनच चालते.

दुसरा आक्षेप नियमांवर आहे. हे नियम म्हणजे नंतर बसून लावलेला अर्थ असेल. प्रत्यक्षात नट टाळ्यांसाठी काहीही बोलतो, रात्री दोन वाजता पेंगणाऱ्या मंडपाला जागे ठेवायला निवडणुकीवर एक फटका मारतो, एवढेच. टाळ्यांसाठी बोलणे होतेच, आणि कित्येकदा ते पातळ होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी नियम आहे की नाही हे तो पाळला जाण्यावरून जितके कळते त्याहून अधिक तो मोडल्यावर काय होते यावरून कळते. बाबी नालंग, बाबी कलिंगण, सुधीर कलिंगण अशा दशावतारी नटांची नावे जिल्ह्यात आजही आदराने घेतली जातात ती विनोदाच्या फटक्यांसाठी नव्हे, तर भूमिकेचा आब आणि बोलण्याची ताकद यांसाठी. प्रेक्षकांनी मोठेपण कुणाला दिले, ते पाहिले की त्यांची कसोटी दिसते. विनोदी पात्राने आज आणावा, राजपार्ट्याने तो पुराणात मुरवून दाखवावा, अशी ही वाटणी आहे. संहिता नसलेल्या कलेत नियम कागदावर सापडणार नाहीत. ते मंडपात बसलेल्यांच्या पसंती-नापसंतीत सापडतात, आणि तिथे ते पुरेसे कडक आहेत.

तिसरा आक्षेप आतूनच येतो. जुन्या रसिकांना वाटते की काळाची ही नाजूक ये-जा आता तंत्राच्या हाती गेली. गेल्या काही दशकांत 'ट्रिकसीनयुक्त' नाटके आली, निरनिराळ्या मंडळांतले नामवंत एकत्र आणणारे 'संयुक्त दशावतार' ठरू लागले, रंगीत प्रकाश, धूर, पडदे आले. बाकड्यावर जे प्रेक्षकाच्या मनात घडत होते ते आता डोळ्यांसमोर घडवून दाखवले जाते. ही तक्रार मला गंभीर वाटते, कारण ती खेळाच्या गाभ्याला धरून आहे. यंत्र आले की यंत्राचा हिशेब मागितला जातो. हॉलिवुडच्या त्या उमरावाची गोची तीच होती. धुरातून प्रकट झालेल्या देवाला मग धूर कसा केला हे विचारले जाणारच. पण यातूनही एक गोष्ट सिद्ध होते: दशावताराची चिकित्सा करणारा, तोल कुठे ढळला ते नेमके सांगणारा समीक्षक नेहमीच होता. तो मंडपात चटई टाकून बसलेला होता, छापील स्तंभात नव्हता.

गेल्या काही वर्षांत सिनेमाने हा खेळ पुन्हा बाहेरच्या जगासमोर नेला. 2021 मध्ये आलेल्या अभिजीत वारंग यांच्या 'पिकासो'ने दशावतारी नटाची ओढाताण मांडली आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. सप्टेंबर 2025 मध्ये सुबोध खानोलकर यांचा 'दशावतार' आला. दिलीप प्रभावळकरांनी त्यात रंगवलेला म्हातारा नट अवताराची रूपे घेऊन आजच्या अन्यायाशी झुंजतो, आणि चित्रपटाला मोठा प्रेक्षक मिळाला. पुराणातले रूप आजच्या भांडणात उतरवणे ही संकासुराच्या परवान्याचीच गंभीर आवृत्ती आहे. अशा चित्रपटांचे कौतुक बहुतेकदा नटाचे हाल, कोकणाचे निसर्गदर्शन आणि लोप पावणाऱ्या परंपरेची हळहळ या तीन गोष्टींभोवती फिरते. हळहळ ही समीक्षा नव्हे. हंगामात रात्रीमागून रात्री ज्याचे प्रयोग होतात त्या कलेला आधी लोप पावणारी ठरवायचे आणि मग तिच्यावर माया करायची, हाही तिच्याकडे न पाहण्याचाच एक प्रकार आहे. एकोणिसाव्या शतकातल्या टिंगलीपेक्षा सभ्य, इतकेच.

मग पाहायचे कसे? सौभद्राला जी सवलत दिली ती इथेही द्यावी, आणि सवलतीबरोबर कसोटीही लावावी. आजचा काळ आख्यानात कोणत्या पात्राच्या तोंडून आला? तो ऐन कोणत्या क्षणी आला, आणि त्याने पुढच्या शृंगाराला किंवा शोकाला धार आणली की ती बोथट केली? राजपार्ट्याने त्याला उत्तर पुराणात राहून दिले की तोही वाहवत गेला? नायिका झालेल्या नटाने हशा पिकल्यावर प्रसंग पुन्हा किती वाक्यांत सावरला? हे प्रश्न विचारले तर कोणत्या मंडळाचा कालचा प्रयोग चांगला होता आणि कोणाचा वाईट होता, हे नावानिशी सांगता येईल. दशावताराला गौरवग्रंथ मिळाले, पुरस्कार मिळाले, आता पडदाही मिळाला. सडकून आणि समजून केलेले रोजचे परीक्षण मात्र त्याच्या वाट्याला अजून पुरते आलेले नाही, आणि जी कला जिवंत आहे तिचा पहिला हक्क तोच असतो.